आधी कॉर्नियाचा नकाशा, मग दरपत्रक

ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यात लेझरने चष्म्याचा नंबर घालवायला किती खर्च येतो, असे विचारले तर वीस-पंचवीस हजारांपासून दीड लाखापर्यंत कोणताही आकडा ऐकायला मिळतो, आणि तो सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा आपापल्या परीने खरेच बोलत असते. मी रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. दर मागवणे, आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता करणे आणि कमी दरामागे नेमके काय वगळले आहे ते शोधणे हे माझे रोजचे काम आहे. गेल्या दिवाळीनंतर मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघींनी चष्मा सोडण्याचे मनावर घेतले, तेव्हा रुग्णालयांकडून दर काढण्याची जबाबदारी साहजिकच माझ्याकडे आली. त्या शोधानंतर एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते: आपल्या डोळ्यांची संपूर्ण मोजमापे हाती येईपर्यंत एका रुग्णालयाचा दर दुसऱ्याच्या दराशी ताडून पाहण्यात काही अर्थ नसतो, कारण आपल्याला कोणती शस्त्रक्रिया लागणार आहे, किंवा ती करता येणार आहे की नाही, हेच तोवर ठरलेले नसते.

उणे नंबर असलेल्या डोळ्यात प्रकाश डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) थोडा अलीकडेच एकवटतो. डोळ्याच्या सर्वांत पुढच्या पारदर्शक थराला कॉर्निया म्हणतात. त्याचा मधला भाग किंचित सपाट केला की प्रकाश मागे सरकून पडद्यावर येतो, आणि लेझर करतो ते एवढेच. त्यासाठी वापरला जाणारा एक्सायमर लेझर हा 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश असतो. तो ऊती भाजत नाही. रेणूंमधले बंध तोडून अतिशय पातळ थर उडवून देतो, आणि शेजारच्या भागाला उष्णतेची झळ जवळजवळ पोहोचत नाही. हा गुणधर्म 1981 साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांच्या लक्षात आला. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी तो पडताळून पाहिला होता. श्रीनिवासन यांचा जन्म मद्रासचा. आज आपल्याकडच्या प्रत्येक लेझर केंद्रात जे यंत्र चालते त्याच्या मुळाशी या माणसाचे काम आहे, आणि त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही याची मला खरोखर खंत वाटते.

एकदा उडवलेली ऊती मात्र पुन्हा भरून येत नाही, आणि खर्चाच्या आधी तपासणीचा विचार करायचा तो यासाठीच. माणसाच्या कॉर्नियाची मधली जाडी सरासरी 540 मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त. सहा ते साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर काम करताना प्रत्येक एक नंबरासाठी साधारण 12 ते 15 मायक्रॉन ऊती जाते. लॅसिक या लेझरच्या पद्धतीत त्याआधी कॉर्नियाचा वरचा एक पातळ पापुद्रा उचलावा लागतो, त्याची जाडी 100 ते 120 मायक्रॉन असते. माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे 4.75, सोबत थोडा सिलिंडर (कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे येणारा नंबर), आणि कॉर्नियाची जाडी 536 मायक्रॉन. पापुद्र्याचे 110 आणि लेझरचे सुमारे 75 वजा केले की खाली अखंड राहणारा भाग साधारण 350 मायक्रॉनचा भरतो. हा उरलेला भाग 250 मायक्रॉनपेक्षा कमी होऊ नये हा जुना दंडक आहे, आणि आज बरेच शल्यविशारद 300 च्या खाली उतरत नाहीत. याखेरीज पापुद्रा आणि लेझर मिळून एकूण जाडीचा 40 टक्के किंवा त्याहून अधिक भाग बाधित होत असेल तर धोका वाढतो, असाही एक हिशेब डॉक्टर करतात. माझ्या बाबतीत तो 35 टक्क्यांच्या आसपास येत होता. हे गणित कागदावर मांडायला पाच मिनिटे लागतात, आणि ते आपल्यासमोर मांडून दाखवण्याची तयारी डॉक्टरांनी दाखवली पाहिजे.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा असतो कॉर्नियाचा आकार. टोपोग्राफी किंवा पेंटाकॅमसारख्या तपासणीत कॉर्नियाचा रंगीत नकाशा निघतो. त्यात पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाची वक्रता, उंचसखलपणा आणि ठिकठिकाणची जाडी दिसते. कॉर्निया खालच्या भागात हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा जो विकार आहे, त्याला केरॅटोकोनस म्हणतात. त्याची सुरुवात असलेल्या डोळ्यावर लेझर मारला तर आधीच कमकुवत असलेला कॉर्निया आणखी सैल पडतो आणि नंतर चष्म्यानेही नीट दिसेनासे होऊ शकते. सुरुवातीच्या अवस्थेत रुग्णाला काहीच त्रास होत नाही, नंबर तपासताना दृष्टीही पूर्ण निघते. म्हणजे धोक्याची सूचना फक्त त्या नकाशातच मिळते.

माझ्या बहिणीच्या बाबतीत हेच घडले. तिचा नंबर उणे 6, सिलिंडर वर्षभरात दीडावरून सव्वादोनवर गेलेला, आणि धुळीच्या ॲलर्जीमुळे डोळे चोळण्याची सवय लहानपणापासूनची. पहिल्या केंद्रात तिची तपासणी मोफत झाली, जाडी 492 मायक्रॉन निघाली, आणि काउन्सेलरने त्याच आठवड्यातली तारीख व तारखेसोबत सवलत देऊ केली. नकाशाची प्रत मागितली तेव्हा ती शस्त्रक्रियेनंतर फाइलसोबत मिळेल असे सांगण्यात आले. आम्ही तिथे होकार दिला नाही. नंतर वाशीला एका कॉर्नियातज्ज्ञ डॉक्टरांकडे पैसे भरून स्वतंत्र तपासणी केली, तेव्हा त्यांनी दोन्ही डोळ्यांचे नकाशे शेजारी ठेवून डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला वाढलेली वक्रता बोटाने दाखवली आणि शांतपणे सांगितले, “तुमच्या डोळ्यांवर मी लेझर करणार नाही. एक वर्षाने हीच तपासणी पुन्हा करू, आणि तोपर्यंत डोळे चोळणे पूर्ण बंद करा.” बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, “ताई, नकार ऐकायला पैसे भरले.” मी तिला तेव्हाही हेच सांगितले आणि आज इथेही लिहिते, की आमच्या सगळ्या खर्चात ती तपासणी फी सर्वांत योग्य ठिकाणी गेली.

मोफत तपासणी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. अनेक चांगल्या रुग्णालयांत ती मोफत असते किंवा तिची फी पुढे पॅकेजमधून वळती केली जाते. मात्र तपासणीच्या निष्कर्षाची प्रत आपल्या हाती यायलाच हवी. वैद्यकीय व्यावसायिकांसाठी 2002 साली जे आचारनियम झाले, त्यांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांच्या आत त्याच्या नोंदी द्याव्या लागतात. हा आपला हक्क आहे, आणि नम्रपणे पण लेखी मागितले तर नोंदी मिळतात.

तपासणीला जाताना काही पथ्ये पाळावी लागतात, अन्यथा मोजमापेच चुकीची येतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी किमान एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स वापरणाऱ्यांनी त्याहून अधिक काळ लेन्स बंद ठेवायच्या असतात, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. फोनवर वेळ ठरवताना समोरच्याने लेन्सबद्दल विचारलेच नाही, तर त्या ठिकाणच्या शिस्तीविषयी मला शंका येते. डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, अश्रूंचे प्रमाण आणि अंधारातला बाहुलीचा आकार हेही पाहिले गेले पाहिजे. वय अठराच्या वर असावे, वर्षभरात नंबर अर्ध्या नंबराहून (0.5) अधिक बदललेला नसावा, आणि गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना ही शस्त्रक्रिया टाळावी.

मोजमापे हाती आल्यावर कोणती पद्धत, हा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो, आणि मगच दरातला फरक कळू लागतो. सर्वांत जुनी पद्धत पीआरके. तिच्यात पापुद्रा उचलत नाहीत. कॉर्नियावरची बाह्य त्वचा बाजूला करून थेट पृष्ठभागावर लेझर वापरतात. ती त्वचा पुन्हा येईपर्यंत तीन-चार दिवस चांगलेच दुखते, स्पष्ट दिसायला काही आठवडे लागतात, पण पातळ कॉर्नियासाठी किंवा डोळ्याला मार लागण्याची शक्यता असलेल्या कामात असलेल्यांसाठी ती अनेकदा अधिक योग्य ठरते, आणि तिचा खर्चही तुलनेने कमी असतो. लॅसिकमध्ये पापुद्रा उचलण्यासाठी एक तर मायक्रोकेराटोम नावाचे सूक्ष्म पाते वापरतात किंवा फेम्टोसेकंद लेझर. जाहिरातीतला सर्वांत स्वस्त दर बहुतेक वेळा पात्याच्या लॅसिकचा असतो. फेम्टो वापरला की दर दुपटीच्या पुढे जातो, कारण दुसरे महागडे यंत्र लागते. कॉन्ट्युरा ही अल्कॉन कंपनीची लॅसिकचीच एक रीत आहे. तिच्यात कॉर्नियाच्या नकाशावरून लेझर चालवतात. स्माइल या पद्धतीत पापुद्रा नसतो. कॉर्नियाच्या आतच भिंगासारखी एक चकती कापून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. हे यंत्र झाइस कंपनीचे आहे, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेमागे रुग्णालयाला कंपनीचे वेगळे शुल्क व साहित्य घ्यावे लागते. म्हणून स्माइल कुठेच फार स्वस्त मिळत नाही, आणि नवीन यंत्रावरचे स्माइल प्रो आणखी महाग पडते. जास्त नंबर किंवा अयोग्य कॉर्निया असेल तर डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स हा पर्याय उरतो. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पुरेशी खोली लागते आणि खर्च बहुधा सर्वांत जास्त येतो.

काउन्सेलरच्या टेबलावर या पद्धती साध्या, उत्तम, सर्वोत्तम अशा चढत्या पायऱ्यांसारख्या मांडल्या जातात आणि दरही त्याच क्रमाने चढत जातो. या मांडणीशी मी सहमत नाही. काही महिन्यांनंतरची दृष्टी पाहिली तर योग्य रुग्णावर नीट केलेल्या पीआरके, लॅसिक आणि स्माइल यांच्या निकालांत फार मोठे अंतर नसते. फरक पडतो तो दुखण्यात, बरे होण्याच्या वेगात, कोरडेपणाच्या प्रमाणात आणि पुढे दुरुस्तीची वेळ आली तर ती कशी करता येईल यात. उदाहरणार्थ, स्माइलनंतर नंबर थोडा उरला तर दुरुस्ती बहुधा पीआरकेने किंवा पापुद्रा तयार करून करावी लागते, तर लॅसिकमध्ये पूर्वीचाच पापुद्रा पुन्हा उचलता येतो. तेव्हा अमुक पद्धत नवी आहे एवढ्यावरून चाळीस हजार जास्त मोजण्यापूर्वी, माझ्या डोळ्याला तिचा नेमका कोणता फायदा आहे, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मला वाटते.

मग मी तक्ता केला. त्याचा पहिला रकाना होता: दर एका डोळ्याचा की दोन्ही डोळ्यांचा. हे हास्यास्पद वाटेल, पण रेल्वे स्थानकांवरच्या फलकांत आणि फोनवर सांगितल्या जाणाऱ्या दरांत हाच मोठा घोळ असतो. पंधरा हजार असे ठळक लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत प्रत्येक डोळा, पुढे ‘पासून’. त्यानंतर दर कोणत्या पद्धतीचा, सिलिंडर नंबर असेल तर वाढीव रक्कम आहे का, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या धरल्या आहेत का, नंतरचे थेंब आणि संरक्षक चष्मा धरले आहेत का, नंतरच्या भेटी किती महिन्यांपर्यंत मोफत, आणि वर्ष-दोन वर्षांत नंबर थोडा परत आला तर दुरुस्तीचे वेगळे पैसे पडतील का. या शेवटच्या प्रश्नावर उत्तरे सर्वांत जास्त वेगवेगळी मिळाली. कोणी वर्षभर मोफत म्हणाले, कोणी कायम मोफत पण दरवर्षी तपासणीला आलात तरच, कोणी फक्त यंत्राचे शुल्क घेऊ म्हणाले. मी प्रत्येकाला हे ईमेलवर लिहून मागितले. एका ठिकाणी लेखी देण्यास नकार मिळाला, ते नाव मी तक्त्यातून काढले. अशा रीतीने सगळ्यांचे दर एका पातळीवर आणले तेव्हा सुरुवातीला तीस हजारांचा वाटणारा फरक निम्म्याहून खाली आला, आणि वरवर सर्वांत स्वस्त दिसणारे ठिकाण स्वस्त राहिले नाही. कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब काही महिने लागतात. त्यांचा खर्च पॅकेजमध्ये कुणीच धरत नाही, तो आपण धरावा.

इंटरनेटवर चौकशी केली की काही मध्यस्थ कंपन्यांचे फोन सुरू होतात. त्या स्वतः रुग्णालय चालवत नाहीत. करार केलेल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरवून देतात. गाडी, कागदपत्रे, हप्ते सारे बघतो असे त्या सांगतात. मी एकच प्रश्न विचारत असे, की शस्त्रक्रिया कोणते डॉक्टर करतील आणि पैसे भरण्यापूर्वी ते स्वतः मला तपासतील का. उत्तर स्पष्ट मिळाले नाही तर पुढचे बोलणे मी थांबवत असे.

आरोग्य विम्याबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत एक्सक्ल 15 हा क्रमांक दृष्टिदोषाचा आहे, आणि त्यानुसार 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबराच्या दुरुस्तीचा खर्च विमा कंपन्या देत नाहीत. साडेसात किंवा त्याहून जास्त नंबर असेल तर मात्र दावा करण्यास वाव असतो. पॉलिसीची प्रतीक्षा मुदत आणि इतर अटी वाचून, कंपनीकडून आधी लेखी मंजुरी घेऊनच तारीख ठरवावी. माझा नंबर त्याखाली असल्यामुळे तो मार्ग नव्हता. विनाव्याज हप्त्यांची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण प्रक्रिया शुल्क किती ते विचारावे, आणि रोख भरल्यास दर कमी होतो का हेही. तो अनेकदा होतो. म्हणजे विनाव्याज हप्त्यांचे व्याज दरातच धरलेले असते.

डॉक्टरांची निवड हा भाग तक्त्यात बसत नाही, तरी काही गोष्टी तपासता येतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदणी पाहता येते. तिचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. नेत्रविज्ञानातील पदव्युत्तर शिक्षणानंतर कॉर्निया किंवा रिफ्रॅक्टिव्ह (म्हणजे चष्म्याचा नंबर घालवण्याच्या) शस्त्रक्रियेचे विशेष प्रशिक्षण घेतले आहे का, हे विचारण्यात संकोच वाटू नये. मोठ्या साखळी रुग्णालयांत जे नाव फलकावर असते तेच डॉक्टर आपल्या दिवशी त्या शाखेत असतील असे नाही, म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव संमतिपत्रावर लिहून घ्यावे. संमतिपत्र आदल्या दिवशी घरी वाचायला मागावे आणि ते मराठीत असावे असा आग्रह धरावा. शस्त्रक्रियागृहाच्या दारात, डोळ्यात थेंब घातलेले असताना, सही करून घेण्याची रीत मला मुळीच मान्य नाही. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 साली झालेल्या बदलांनुसार रुग्ण हक्क सनद आणि दर दर्शनी भागात लावणे अपेक्षित आहे. आपण गेलो तिथे ते लावलेले आहेत का, हे पाहायला क्षणभर पुरतो.

मी सर्व डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारला: तुम्ही कोणाला नाही म्हणता? ज्यांच्याकडे या प्रश्नाचे सविस्तर उत्तर होते, ज्यांनी पातळ कॉर्निया, कोरडे डोळे, बदलता नंबर, अवास्तव अपेक्षा अशी कारणे उदाहरणांसह सांगितली, त्यांच्यावर माझा विश्वास बसला. एका ठिकाणी ‘आमच्याकडे प्रत्येकासाठी काही ना काही पद्धत आहे’ असे उत्तर मिळाले, आणि बहिणीचा नकाशा पाहिलेला असल्यामुळे ते मला फार काळजीचे वाटले.

अंतराचा विचार लोक दराइतका करत नाहीत, पण करायला हवा. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, मग तीन आणि सहा महिन्यांनी जावे लागते, आणि पहिल्या संध्याकाळी डोळ्यांतून सारखे पाणी वाहत असताना, उजेड सहन होत नसताना, दक्षिण मुंबईतून गर्दीच्या लोकलने ठाण्याला येणे योग्य नाही. ठाण्यात राहणाऱ्यांना वाशी-सानपाडा ट्रान्स-हार्बर मार्गामुळे सोयीचे पडते, तरी पहिल्या दोन फेऱ्यांना टॅक्सीचाच खर्च धरावा. पहिल्या रात्री दुखणे वाढले तर फोन कोण उचलणार, हेही आधी विचारून ठेवावे. तारीख ठरवताना धुळीचा विचार करावा: घोडबंदर रस्त्यावर मेट्रो 4 च्या कामामुळे गेली काही वर्षे किती धूळ असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. रंगपंचमी किंवा दिवाळीचे फटाके अगदी तोंडावर असताना हे काम करू नये, आणि पोहणाऱ्यांनी महिनाभर तरी तलावापासून दूर राहण्याची तयारी ठेवावी.

त्रास किती लोकांना होतो हेही दर विचारण्याआधी समजून घ्यावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लॅसिक झालेल्या रुग्णांना थेट प्रश्न विचारून जे अभ्यास केले, त्यांत 95 टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते. त्याच अभ्यासांत, आधी दिव्यांभोवती वलये किंवा चकाकी असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनंतर असे किमान एक नवे लक्षण सांगितले, आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवला. दृष्टीच्या अशा लक्षणांमुळे रोजच्या कामात फार अडचण येणाऱ्यांचे प्रमाण 1 टक्क्याहून कमी होते. या दोन्ही बाजू एकत्र सांगणारे डॉक्टर मला हवे होते. रात्री ठाणे-बेलापूर रस्त्याने दुचाकीवरून घरी येणाऱ्याला वलयांचा त्रास किती महत्त्वाचा आहे, हे त्याने आधीच ठरवायला हवे.

चाळिशीकडे झुकलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. उणे नंबर असलेली व्यक्ती चाळिशीनंतर चष्मा काढून जवळचे वाचू शकते. लेझरने तो नंबर घालवला की ही सोय संपते आणि वाचायला चष्मा लागतोच. माझे वय एकतीस असल्यामुळे मला हा व्यवहार पटला. चाळिशीजवळच्या माझ्या एका सहकाऱ्याला, दिवसभर नकाशे आणि बिले वाचण्याचे काम असल्यामुळे, तो पटला नाही, आणि त्याचा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

शेवटी मी वाशीच्या त्याच डॉक्टरांकडे फेम्टो लॅसिक करून घेतले. दोन्ही डोळ्यांचे मिळून पाऊण लाखापेक्षा थोडे जास्त लागले. तपासणी, पहिल्या महिन्याचे थेंब, वर्षभराच्या भेटी आणि दोन वर्षांपर्यंतची दुरुस्ती त्यात धरलेली होती. याहून स्वस्त दर माझ्या तक्त्यात होते आणि बरेच महागही. माझ्या जाडीला आणि नंबराला स्माइलचा वेगळा फायदा फारसा नाही, कोरडेपणा सुरुवातीला थोडा कमी झाला असता एवढेच, असे त्यांनी स्वतः सांगितले, जरी त्यांच्याकडे ते यंत्रही होते. महाग पर्यायावर कात्री मारून दाखवणाऱ्या त्या वाक्याला माझ्या निवडीत दरापेक्षा जास्त वजन होते. दृष्टी आता दोन्ही डोळ्यांची पूर्ण आहे. संध्याकाळी थोडा कोरडेपणा येतो आणि संगणकासमोर थेंब घालावे लागतात.

बहिणीची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. नकाशा तसाच राहिला तर आयसीएलचा विचार करायचा, आणि वक्रता वाढलेली दिसली तर कॉर्निया घट्ट करण्यासाठी क्रॉस-लिंकिंग, ज्याला आपल्याकडे सी3आर म्हणतात, ते आधी करायचे असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दोन्हींचे दर मी अजून विचारलेले नाहीत. तिचे नवे आकडे आल्यावरच विचारीन.

शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपली फाइल कायम जपून ठेवावी. त्यात शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी, किती मायक्रॉन ऊती काढली, आणि काही महिन्यांनी स्थिरावलेला नंबर, एवढे हवेच. पुढे साठीत मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना लेझर झालेल्या कॉर्नियामुळे नेहमीची सूत्रे चुकतात, आणि तेव्हा हे जुने आकडे डॉक्टरांच्या उपयोगी पडतात. कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाबही प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो, म्हणून काचबिंदूची तपासणी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना लेझर झाल्याचे सांगावे लागते. चष्मा गेला तरी उणे नंबराचा लांबट डोळा आतून तसाच राहतो, त्यामुळे पडद्याची तपासणी दरवर्षी चालूच ठेवायची असते. मी त्या कागदांची छायाप्रत काढून एक संच घरात, एक ईमेलवर आणि एक बहिणीकडे ठेवला आहे.